शेवटचा आकडा

जळगावच्या सराफ बाजारात, वैशाखातल्या दुपारी,
सोनं तोलताना पंखा बंद करतात.
शेहेचाळीस अंश.
गिऱ्हाईक पदरानं वारा घेऊ लागलं
की उखर्डू अप्पा नुसता हात वर करायचे.
सगळी पेढी श्वास धरायची.
काटा तरी हलायचाच.

अप्पा सराफ नव्हते. सराफांचे तराजू नीट करायचे.
मी त्यांची धाकटी, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी,
सुट्टीत त्यांच्या खोक्याशी बसून पेपर तपासणारी.
एकदा म्हणाले,
तुमच्यातलं सगळ्यात लहान माप,
कितलं बारीक शे ते?

मी हातातला पेपर उलटा केला.
मीटरचे दहा भाग करा, एक ठेवा.
त्याचे दहा, पुन्हा एक.
चौथ्या खेपेला केसाची जाडी येते.
दहाव्या खेपेला अणू, पंधराव्याला त्याचं बी.
एकोणिसाव्यापर्यंत यंत्रांचे हात पोचतात.
खाली पायऱ्या आहेत, उतरलेलं कोणी नाही,
आणि पस्तिसाव्याशी, कदाचित, जिनाच संपतो.

कदाचित का? तराजूवाल्याला कदाचित चालत नाही.

मग मी त्यांचाच तराजू उचलला.
या पारड्यात द्रव्य. त्या पारड्यात जागा.
जसं द्रव्य, तशी जागा वाकते,
मधलं बरोबरचं चिन्ह म्हणजे तुमची दांडी.
आता द्रव्य सलग नाही, एवढं ठरलेलं आहे.
ते टिपक्याटिपक्यानं येतं,
आणि काहीच नसतं तिथेही एक बारीकशी खळबळ असते,
पंखा बंद, श्वास बंद, तरीही.
या पारड्यात खळबळ असेल
तर त्या टोकाचं पारडं स्वस्थ कसं बसेल?
जागाच थरथरत असेल
तर तिच्यावरची दोन टिंबं, फार जवळ आली की,
दोन आहेत का एक, सांगणार कोण?

अप्पांनी कसोटीचा दगड पुसला.
मोठं भिंग घ्यायचं, म्हणाले.

बघायला उजेड लागतो, अप्पा.
जितकं बारीक बघायचं तितका उजेड तिखट,
आणि तिखट उजेड जड.
शेवटी इतका जड की त्या इवल्या जागेत
खड्डा पडतो, आणि दाखवायला आलेला उजेड
दाखवायच्या वस्तूसकट आत जातो.

ते दगडावरच्या पिवळ्या रेघांकडे बघत राहिले.
प्रत्येक रेघ म्हणजे कुणाच्या तरी बांगडीतून
गेलेलं सोनं.
मोजाले गयं ते झिजी जास, म्हणाले,
नि पंखा लावला.

पहाटे शरीफाबी झारेकरीण याच गल्लीत
शहाबादी फरशीच्या फटी तारेनं कोरायची.
घमेलंभर धुळीत गुंजभर सोनं, तेही नशिबात असलं तर.
तिला मी लहानपणी विचारलं होतं,
फटीत सगळ्यात खाली काय असतं?
फट, ती म्हणाली.

हा पुरावा नाही. वर्गात मी हे दोनदा सांगते,
फळ्यावर लिहून खाली रेघ मारते.
दोन्ही पारड्यांचा हिशेब एकाच वहीत मांडणारं गणित
अजून कुणाला जमलेलं नाही.
मागच्या बाकावरची नशिराबादची पोरगी विचारते,
मॅडम, मग परीक्षेला काय लिहायचं?
मी म्हणते, लिही, की काटा हलतो.

अप्पा गेले, खोकं उठलं.
तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगली आहेत.
गेल्या महिन्यात त्यांची अंगठी घेऊन पेढीवर गेले.
काचेच्या पेटीत इलेक्ट्रॉनिक काटा,
एसी चालू, पंखे चालू, लोक बोलतायत.
चार पॉइंट शून्य दोन, आणि त्यापुढे
तीन, चार, तीन, चार,
थांबेना.
मी वाकून बघत राहिले. मागे गिऱ्हाईक खोळंबलं.
काउंटरवरचा मुलगा अंगठी उचलत म्हणाला,
मॅडम, शेवटचा आकडा आम्ही धरत नाही.